शब्दात पकडणारी माणसं

आमच्या घरात आप्पांकडे काही मागणं ही साधी गोष्ट नव्हती. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील मुंबईला एका गोदामात नोकरीला होते आणि शिमग्याला, गणपतीला पाहुण्यासारखे येऊन जात. त्यामुळे दाभोळच्या त्या घरात माझे आणि आईचेही कर्तेधर्ते आप्पाच. दोन बोटी, धक्क्याजवळ बर्फाचं लहानसं गोदाम, आणि घरात सदा माणसांची ये-जा. ते कंजूष नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कुणी काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं मला आठवत नाही. सगळा वैताग तिथंच होता. ते नेहमी हो म्हणत. आईनं एकदा स्वयंपाकघराला नळ हवा म्हणून सांगितलं, तर चार दिवसांत माणूस आणून त्यांनी नळ बसवला, पण बाहेरच्या अंगाला, खलाशांना पाय धुवायला सोयीचा पडेल असा. भिंत स्वयंपाकघराचीच होती, त्यामुळे आईला बोलायला जागा उरली नाही. काकीनं मंडणगडाकडे माहेरी भाचीच्या लग्नाला जायचं म्हटलं, तर आप्पा स्वतः तिला घेऊन गेले आणि अक्षता पडताच परत घेऊन आले. चार दिवस राहायचंय, असं ती बोललीच नव्हती. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या गिरीदादानं, सायकल मागितली तेव्हा सायकल आली ती बर्फाच्या पेट्या बांधायचं लोखंडी कॅरिअर जोडूनच. आणि प्रत्येक वेळी आप्पा ओटीवर बसून, सुपारी कातरत, गालातल्या गालात हसत. त्यांना ही लबाडी वाटत नसे. समोरच्याला नीट मागता आलं नाही, याची त्यांना मनापासून गंमत वाटे, आणि आम्ही हसत नाही हे पाहून त्यांना आश्चर्य वाटे.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे खाडीतून बाहेर पडणाऱ्या बोटींची डुगडुग, बर्फ फोडण्याच्या यंत्राची करकर, पलीकडे जाणाऱ्या लाँचचा भोंगा, आणि या सगळ्यांवर आवाज चढवून बोलायची घरातल्या प्रत्येकाला लागलेली सवय. इंजिनाच्या आवाजावरून आपली बोट कुठली आणि दुसऱ्याची कुठली, हे मला लहानपणीच कळू लागलं होतं. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. मुलीला ते कळून उपयोग काय, असं काकी सरळ विचारायची. संध्याकाळी मात्र घर निवांत व्हायचं. बोटी लागलेल्या असायच्या, आप्पा धक्क्यावर गप्पा मारायला गेलेले असायचे, मागच्या पडवीत जाळ्यांचा ढीग पडलेला असायचा आणि त्या ढिगावर बसून आम्ही चौघं खेळायचो. चुलीवर सुकटीचा वास सुटलेला असायचा. काकी मधूनच विस्तवात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सुपात घालून पुढ्यात ठेवून जायची. त्या सोलताना बोटं भाजायची, आणि काळ्या बोटांनी फासे टाकले म्हणून गिरीदादा ओरडायचा.

तो खेळ आमच्याकडे आला चुकून. शेजारच्या सलीमचे वडील जहाजावर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी मुलांसाठी खेळाची पेटी घेतली. वर राक्षसाचं चित्र होतं, आत सापशिडीसारखं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं. घरी उघडली तर आत ना पट, ना सोंगट्या. तीन जाडी इंग्रजी पुस्तकं आणि मूठभर विचित्र फासे, कुणाला चार बाजू, कुणाला आठ, एकाला तर वीस. सलीमनं ती पेटी गिरीदादाकडे आणली, कारण आमच्यात बारावीपर्यंत शिकलेला तोच. गिरीदादानं शब्दकोश घेऊन पावसाळाभर ती पुस्तकं वाचली आणि एके दिवशी आम्हाला बसवून सांगितलं, की हा खेळ बोलण्याचा आहे. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, आणि एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधार सांगणार, तुम्ही कुठं आहात, समोर काय आहे. सोंगं सांगणार, आम्ही काय करतो. जमलं की नाही, ते फासा सांगणार. शिमग्याला नमनातली सोंगं पाहिलेल्या आम्हाला हे समजायला जड गेलं नाही. सलीम चोर झाला, गिरीदादाची बहीण शैला तिरंदाज राजकन्या झाली, मी चेटकीण झाले, आणि सूत्रधार अर्थातच गिरीदादा.

तो सूत्रधार फार चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. दिवसभर आप्पांच्या बोटींचा हिशेब आणि बर्फाच्या पेट्या यांत गप्प असणारा हा माणूस संध्याकाळी पडवीत बसला की त्याचा आवाज बदले. गुहेतलं पाणी कसं ठिबकतं, ते तो असं सांगायचा की शैला पाय वर घेऊन बसायची. पण पुस्तकात एक मंत्र होता. त्याचं नाव नुसतं ‘इच्छा’. जे मागाल ते मिळेल, असा. गिरीदादानं तो मंत्र एका अंगठीत घातला आणि अंगठी आम्हाला एका थडग्यात सापडू दिली. त्या दिवसापासून आमच्या खेळाचं वाटोळं झालं.

सलीमनं मागितलं, की मी कधी कुणाच्या हाती लागू नये. मिळालं. पुढच्याच प्रसंगात तो कड्यावरून घसरला, शैलानं वरून हात दिला, आणि तो हात त्याच्या मनगटावरून मासा निसटावा तसा निसटला. कुणाच्याच हाती लागत नव्हता ना! शैलानं पांढरा घोडा मागितला. घोडा आला, राजाच्या पागेतला, आणि मागोमाग चोरीचा माग काढत राजाचे शिपाई आले. मी तरी शहाणपणानं मागावं, म्हणून स्वतःसाठी काही मागितलंच नाही. ज्या गावात आम्ही उतरलो होतो तिथं आग ओकणारा अजगर दर अमावास्येला यायचा. त्या गावची भाकर आम्ही खाल्ली होती. मी म्हटलं, या गावाला आगीचं भय राहू नये. गिरीदादानं माझ्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. मग त्यानं सांगितलं, की अमावास्येला अजगर आला, छपरं पेटली, आणि गावातली माणसं अंगणात गुडघ्यांना मिठी मारून शांतपणे बघत बसली. त्यांना भय उरलं नव्हतं. पळायला हवं, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मी आठळ्यांचं सूप उलटं केलं आणि घरात निघून गेले. त्या नसलेल्या गावासाठी मी रडले, हे आज लिहिताना हसू येतं. पण राग मात्र आजही खरा वाटतो. मी काय म्हणत होते, हे न कळण्याइतका गिरीदादा बावळट नव्हता. विचारलं की तो पुस्तक उघडायचा. त्यात एक ओळ होती, त्याखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारलेली. सूत्रधारानं हवं तर इच्छेचे शब्द तंतोतंत धरावेत, अशा अर्थाची. “हवं तर म्हटलंय,” मी म्हणायची. “मग मला हवंय,” तो म्हणायचा.

परवा शैलाचा मुलगा माझ्याकडे आला होता. तो हाच खेळ संगणकावर खेळतो. एक जण पुण्यात, एक जण दुबईत, फासेसुद्धा पडद्यावर आपोआप गडगडतात. त्यानं सांगितलं, की या इच्छेच्या मंत्रावरून जगभर माणसं भांडतात. कुणी म्हणतं, शब्दात पकडावं म्हणजे खेळाडूंना हाव सुटत नाही. कुणी म्हणतं, इच्छा द्यावी पण तिची किंमत आधी सांगावी. कुणी तर तो मंत्रच खेळातून काढून टाकतं. मी ऐकत राहिले. आमच्या पडवीत यातलं कुणी एखादं माणूस येऊन बसलं असतं, तर माझं किती रक्त आटायचं वाचलं असतं.

कारण पुढं फारच झालं. आम्ही शहाणे झालो, म्हणजे वकील झालो. सलीमचे मामा तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचे. तिथली भाषा त्यानं उचलली. “मी शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दबावाखाली नसताना,” अशी त्याची इच्छा सुरू व्हायची, “आजच, याच ठिकाणी, याच देहात, कुणा तिसऱ्याचं नुकसान न होता, आणि सदर वस्तू कुणाच्या मालकीची नसताना...” बोलता बोलता त्याला धाप लागायची. गिरीदादा डोळे मिटून ऐकायचा आणि भोक शोधायचा. एकदा दार उघडावं म्हणून मागितलेल्या इच्छेवर, दार म्हणजे चौकटीसकट की नुसती फळी, यावर इतका वाद झाला की ज्या राक्षसापासून पळत होतो तो तोंड उघडून तसाच उभा राहिला आणि भाकऱ्या गार झाल्या. काकी आतून हाका मारून थकली. पूर्वी खेळ संपल्यावर आम्ही गुहेबद्दल, अजगराबद्दल बोलायचो. आता कुणी कुठला शब्द विसरला, एवढंच बोलायचो. शैलानं तर येणंच सोडलं होतं. ती पडवीच्या दारात बसून तांदूळ निवडायची आणि आमच्याकडे पाहून मान हलवायची. तरी अंगठी आली की मी पुढं सरसावायचीच. या वेळी जमेल, या वेळी एकही भोक ठेवणार नाही, असं मला दर वेळी वाटायचं.

त्याच वर्षी मी दहावीला होते. जाळी शिवायला बसलेल्या खलाशांसमोर एकदा आप्पा सहज बोलून गेले, की पोरगी पहिल्या वर्गात पास झाली तर ती मागेल ते देईन. बोलून ते विसरले असतील. मी विसरले नाही. मला काय हवं ते मला नेमकं ठाऊक होतं. रत्नागिरीला डिप्लोमा करायचा होता, इंजिनांचा. आमची बोट चालवणाऱ्या तांडेलानं इंजिन खोललं की मी तिथं जाऊन उभी राहायची आणि तो मला हाकलायचा. मला कुणी हाकलणार नाही अशा ठिकाणी उभं राहून ते बघायचं होतं. निकाल लागला. गुण चांगले पडले. आप्पांनी पेढे वाटले आणि ओटीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माग गो, काय ता माग.” मी म्हटलं, विचार करून सांगते. ते खूश झाले. त्यांना माझ्याकडून तेवढी अक्कल अपेक्षित नसावी.

मग आमची बैठक भरली. सलीम आला, शैलाही तांदूळ बाजूला ठेवून आली, आणि भोकं शोधायला गिरीदादा. या कामाला त्याच्याइतका लायक माणूस तालुक्यात नव्हता. मी म्हणायची, मला पुढं शिकू द्या. गिरीदादा सुपारी कातरल्यासारखी बोटं हलवून म्हणायचा, शिक की, दापोलीला शिवणाचा क्लास आहे. मी रत्नागिरीचं नाव घालायची. तो म्हणायचा, जा, पण राहशील कुठं? वसतिगृह घातलं. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. याच वर्षी घातलं. तो म्हणायचा, पाठवली, आणि दिवाळीला परत आणली, शैलाचं लग्न काढलंय म्हणून. हे त्यानं इतकं हुबेहूब आप्पांच्या आवाजात म्हटलं की शैलाला हसू फुटलं. गिरीदादा मात्र हसला नाही. आतापर्यंत तो दुसऱ्याच्या शब्दांत भोक सापडलं की खुलायचा. त्या दिवशी प्रत्येक भोकागणिक त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तोच म्हणाला, असं घाल की तीन वर्षं पुरी होईपर्यंत मध्येच घरी आणू नका. मग काही उरत नाही. मी ते वाक्य घातलं, आणि सबंध इच्छा पाठ केली. खाडीच्या कडेनं फिरताना, दळण आणताना, मनात तेच चाललेलं.

मग एका दुपारी आप्पा धक्क्यावरून आले, आंघोळ करून जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं आणि भात होता. पंगतीला गिरीदादा होता, शैला होती, आई वाढत होती, काकी भाकऱ्या भाजत होती. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, की तुम्ही मागेन ते देणार होतात, तर मागते. आप्पा म्हणाले, बोल. मी बोलले. एका दमात सगळं बोलले. याच वर्षी, रत्नागिरीलाच, इंजिनांच्या डिप्लोम्यालाच, वसतिगृहात राहून, कुठल्याही कारणानं दुसरीकडे न घालता, आणि तीन वर्षं पुरी होईपर्यंत मला मध्येच घरी आणू नये. बोलताना माझ्या लक्षात येत होतं, की माझा आवाज सलीमच्या मामांसारखा येतोय. आप्पांनी तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थोडा राग, आणि मग ते ओळखीचं हसू.

“दिलं,” ते म्हणाले. “बोललीस तसंच्या तसं दिलं. तीन वर्षं घरी आणणार नाय. गणपतीला नाय, शिमग्याला नाय, कोण आजारी पडला तरी नाय. तूच बोललीस.”

काकी सवयीनं हसली आणि हसता हसता थांबली. आईच्या हातात भाताची पातेली होती, ती तशीच राहिली. माझ्या वडिलांना वर्षातून दोनदा बघणारी ती बाई, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळे पाठ केलेले शब्द विसरायला झाले. मी कसंबसं म्हटलं, की मला तसं नव्हतं म्हणायचं. आप्पा म्हणाले, मग कसं? सगळ्यांनी ऐकलंय. आणि त्यांनी भात कालवायला घेतला. आता मी रडणार, आणि नको म्हणणार, आणि प्रश्न मिटणार, हे त्यांना माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही माहीत होतं. मी तोंड उघडलंच होतं.

“आप्पा,” गिरीदादा म्हणाला, “तिला काय हवंय ते तुम्हाला कळलंय.”

“ती बोलली ताच मी दिलं.”

“ती काय बोलली ता सोडा. तुम्हाला कळलंय.” त्याचा आवाज चढला नव्हता. तो ताटातल्या भाताकडे बघत होता. “मलापण कळायचं. दर वेळी कळायचं.”

हे शेवटचं वाक्य आप्पांना समजलं नसणार. ते शैलाला आणि मला समजलं. माझ्या डोळ्यांसमोर ती अंगणात शांत बसलेली माणसं आली, आणि वाटलं, या माणसाला हे आत्ता सुचलं, आत्ता, मी इथं सगळ्यांसमोर फजीत झाल्यावर! आप्पांना मुलानं उलट बोलण्याची सवय नव्हती. ते ताटात अर्धा बांगडा तसाच ठेवून उठले, हात धुतले आणि धक्क्याकडे चालू लागले. त्या घरात ताटात मासळी टाकून कुणी उठत नसे.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, गिरीदादाशी बोलत नव्हते, आणि बोलत नाही हेही दाखवत नव्हते. काही हवं असलं की भिंतीकडे बघून सांगायचे. आई मला म्हणे, जाऊन पाया पड. काकी म्हणे, असं वकिलासारखं बोलतात का घरात? वडिलांना मुंबईला फोन केला, तर ते म्हणाले, आप्पा म्हणतील तसं. प्रवेशाचे दिवस सरत चालले. वाटायचं, ओटीवर जाऊन ओरडून विचारावं, की हो की नाही तेवढं सांगा. एके दुपारी आप्पांनी काकीला, माझ्या देखत, माझ्याकडे न बघता सांगितलं, की गिरीला शनिवारची गाडी बघायला सांग, पोरगीला रत्नागिरीला सोडून यायचंय. एवढंच. तीन वर्षांचं काय, गणपतीचं काय, एक अक्षर नाही. काकीनं ते वाक्य माझ्यापर्यंत पुन्हा पोचवलं, जसं काही मी तिथं नव्हतेच.

चिपळूणला गाडी बदलायची होती. स्टँडवर गिरीदादानं माझी ट्रंक बाकाखाली सरकवली आणि दोघांसाठी भजी आणली. वाशिष्ठी नदीला पाणी चांगलंच चढलं होतं, लोक त्याच्याबद्दल बोलत होते. मी त्याला विचारलं, की तू आप्पांकडे सायकलीनंतर कधी काही मागितलं नाहीस का? तो म्हणाला, नाही. का, तर मागितलं की काय होतं ते ठाऊक आहे. भजीचा कागद त्यानं चुरगाळला, पुन्हा उलगडला.

“मलापण जायचंय गो कुठंतरी,” तो म्हणाला.

इतकी वर्षं एका घरात राहून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला त्याची दया यायला हवी होती. आला तो संताप. माझ्यासाठी बापाला बोलता येतं आणि स्वतःसाठी येत नाही?

“मग सांग ना आप्पांना.”

“कसं सांगू?”

“सरळ सांग. तोंडानं.”

त्यानं मान हलवली, म्हणजे हो की नाही, ते कळलं नाही. आमच्या घरातल्या पुरुषांच्या माना अशाच हलतात. तेवढ्यात रत्नागिरीची गाडी लागली आणि ट्रंक चढवण्याच्या गडबडीत बोलणं राहून गेलं. वसतिगृहाच्या दारात मला सोडून तो त्याच दिवशी परत फिरला. वर्गात मी एकटीच मुलगी होते. कार्यशाळेत पहिल्यांदा इंजिन खोललं तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी मला मागं उभं राहायला सांगितलं, बाई, हात काळे होतील. मी पुढंच उभी राहिले.

गणपती आले तशी माझी पंचाईत झाली. घरून कुणी ये म्हणालं नाही. येऊ नको, असंही कुणी म्हणालं नाही. शब्दावर जायचं तर मी तीन वर्षं घरी जायचं नव्हतं. मी दोन दिवस चिडचिड केली आणि मग पिशवी भरून गाडीत बसले. दारातून परत पाठवलं तर तिथंच बसेन, असं ठरवून. घरी पोचले तेव्हा आप्पा ओटीवर मखराला कागद चिकटवत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“चतुर्थी उद्या आहे,” ते म्हणाले. “आज कशाला आलीस? आता आलीयस तर धर ह्यो कागद.”

मी पिशवी ठेवून कागद धरला. आईनं आतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी गेले, शिकले, पुढं तीस वर्षं इंजिनांच्याच नोकरीत काढली, पण त्या दिवशीच्या जेवणाबद्दल आप्पा आणि मी कधीही बोललो नाही. ते अगदी थकले तेव्हा मी शेजारी बसून त्यांना औषध पाजत असे, तेव्हाही नाही. चुकलं म्हणणं दूर, ती तीन वर्षांची अट सोडली असंसुद्धा त्यांनी सरळ म्हटलं नाही. आजही मला याचा वैताग येतो.

दिवाळीनंतर एका रविवारी वसतिगृहात फोन आला. फोन जिन्याखाली होता आणि मागं मुलींची रांग. पलीकडून गिरीदादा बोलत होता, आणि मागं कुठलातरी मोठा गोंगाट. त्यानं सांगितलं, की तो मुंबईला आहे, माझ्या वडिलांच्या खोलीवर. आप्पांना सरळ सांगितलं, तोंडानं, मला कुठंतरी बाहेर जायचंय म्हणून. आप्पा लगेच म्हणाले, जा की. आणि मुंबईच्या धक्क्यावर आपल्याच बोटींची मासळी उतरवून घ्यायच्या कामाला त्यांनी त्याला पाठवून दिलं.

मी रांगेतल्या मुलींचं भान न ठेवता ओरडले. कुठं जायचं ते सांगायला नको? आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांत भोकं काढलीस आणि स्वतः एवढं मोठं ठेवलंस? तो हसत होता. राहूनच गेलं, म्हणाला. पण बरं आहे. सकाळी काम, दुपारनंतर मोकळा. संध्याकाळच्या एका क्लासची चौकशी केलीय, इंग्रजीच्या. आणि चाळीतली तीन-चार पोरं जमवलीत, सलीमकडून फासे मागवून घेतले.

“सूत्रधार तूच?” मी विचारलं.

“मीच. पहिल्याच खेळात एकाला अंगठी मिळाली.”

“मग? काय मागितलंन त्यानं?”

“त्याच्या सोंगाला राजा व्हायचं होतं. मी त्याला विचारलं, बाबा, राजा होऊन तुला काय करायचंय. तो बोलायला लागला. म्हणाला, गावातले लोक मला घाबरतात, जवळ बसत नाहीत. किती वेळ आम्ही त्यावरच बोलत होतो. शेवटी म्हणाला, इच्छा नकोच, मी उद्या त्यांच्याकडे जेवायला जातो.”

“आणि मग?”

“मग काय, त्याचं सोंग गेलं. मी त्यांना दार उघडायला लावलं.”

मागची मुलगी माझ्या खांद्याला बोट लावत होती. मी तिला थांब म्हटलं आणि गिरीदादाला विचारलं, की त्या घरात जेवायला काय होतं ते सांग.